फौजीच्या घरातल्या बांगड्या

तोंड खोटं बोलतं, डोळेही बोलतात, पण बाईचं मनगट खोटं बोलत नाही. चाळीस वर्षं बांगड्या भरल्यावर एवढं तरी मी छातीठोकपणे सांगू शकते. कुणाला भाजलंय, कुणाला दिवस गेलेत म्हणून सूज आलीय, कुणी महिनाभर कापूस वेचलाय, हे हात हातात घेतला की मला कळतं. ती बाई 'सगळं बरंय' म्हणत असते आणि मी मान डोलवत असते. कासारणीनं मान डोलवून पुढच्या घरी जायचं असतं. एकदा मी तशी गेले नाही, नको ते करून बसले, आणि एका फौजीचा संसार मोडायची वेळ आणली. ते सांगायला बसलेय.

आधी धंदा सांगते, कारण हल्लीच्या पोरी दुकानातून डबी आणतात आणि आपल्याच हातानं आपल्या हातात बांगड्या चढवतात. त्यांना वाटतं, यात काय मोठं! अगं बायांनो, चढवणं वेगळं आणि भरणं वेगळं. हात साबणाच्या पाण्यानं ओला करायचा, अंगठा आत दुमडायचा, बोटांची हाडं जवळ आणत हात लहान करायचा. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली की बाईला काहीतरी विचारायचं. माहेरचं विचारलेलं सगळ्यांत चांगलं. बाई बोलायला लागली की हात ढिला पडतो आणि बांगडी आत. भरताना काच गेली तर ती कासारणीच्या नशिबाची, गिऱ्हाइकाच्या नाही. आणि 'फुटली' म्हणायचंच नाही, 'वाढवली' म्हणायचं. भरून झालं की बाई, मग ती पाटलीण असो की रोजंदारीवाली, कासारणीला वाकून नमस्कार करते. वयानं मोठी असली तरी करते. माझ्या विशीत सत्तरीच्या म्हाताऱ्या माझ्या पाया पडायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नंतर सवय झाली. खरं सांगायचं तर आवडायलाच लागलं.

गिऱ्हाइकंही एकेक. एका पाटलीणबाईंचा हात होता अडीचच्या मापाचा आणि हट्ट सव्वादोनचा. "लग्नात मला सव्वादोनच बसायची!" अहो बाई, लग्नाला तीस वर्षं झाली! मग मी डझनावर गुंडाळलेला कागद सव्वादोनचा दाखवायची आणि भरायची अडीचची. त्या खूश, मी खूश. एवढं खोटं आमच्या धंद्यात चालतं.

माझा फेरा पाथरीच्या आसपासच्या बारा-तेरा गावांचा. एसटीनं जायचं, फिरोजाबादच्या मालाचं गाठोडं मांडीवर घेऊन, कारण खाली ठेवलं तर आमचे रस्ते गाठोड्याचा भुगा करतील. नामांतराच्या त्या वर्षांत कधी गाड्या बंद, कधी माणसांची तोंडं बंद. कित्येक गावांत गावातलं माणूस वस्तीत जात नव्हतं आणि वस्तीतलं गावात येत नव्हतं. माझं गाठोडं मात्र दोन्हीकडं सुटायचं. मला कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर दोन्हीकडच्या बायकांनीच त्याची चांगली खबर घेतली असती.

सासूनं पहिल्यांदा हे गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं तेव्हा एकच ताकीद दिली होती. "बांगड्या गावोगाव न्यायच्या, गोष्टी न्यायच्या नाहीत." कारण असं, की एखादीचं सासरही आमच्या फेऱ्यात आणि माहेरही. आई विचारणार, "माझी पोर कशी हाय?" तेव्हा "मजेत हाय" एवढंच बोलायचं. मी पंचवीस वर्षं तेवढंच बोलले. सुमनच्या बाबतीत मात्र माझी जीभ सुटली.

सुमनचं सासर पाथरीहून एसटीनं पाऊण तासावर. गावाचं नाव सांगत नाही, त्या घरातली माणसं आजही नांदताहेत. घर शेतकऱ्याचं. नवरा उत्तम फौजेत, घरी सासू गयाबाई, सुमन आणि तिची आठ वर्षांची मुलगी. अख्ख्या फेऱ्यात एवढा गलका करणारं घर दुसरं नव्हतं. गयाबाई ओट्यावरून बोलल्या की वेशीवर ऐकू जायचं. बैलांच्या गळ्यात घुंगरं, पोरीच्या पायात वाळे, आणि सुमनच्या दोन्ही हातांत डझन-डझन हिरव्या बांगड्या. उत्तम सुट्टीवर आला आणि मी दारात दिसले की तिथूनच ओरडायचा, "मावशी, कोपरापर्यंत भरा! घरात बायको हाय हे शेजाऱ्याला बी कळलं पाहिजे!" सुमन लाजून आत पळायची आणि गयाबाई त्याला म्हणायच्या, "मेल्या, जरा तरी लाज धर."

आपली फौज श्रीलंकेत गेली होती तेव्हा उत्तम तिकडं होता. तिथून आल्यावर त्याची नोकरी भरली आणि तो पेन्शनीत घरी आला. घरात साखर वाटली. गयाबाईंनी मला मुद्दाम निरोप धाडून बोलावलं आणि सुनेचे हात भरून घेतले. "लेक धडधाकट परत आला, कासारीणबाई! दोन हात, दोन पाय, सगळं जिथल्या तिथं." मीही म्हणाले, देवाची कृपा.

पुढच्या महिन्यात गेले तर सुमनच्या उजव्या हातात तीन बांगड्या राहिलेल्या आणि मनगटावर काच गेल्याच्या चार-पाच रेघा.

"काय गं, काय झालं?"

"आडावर पाय घसरला, मावशी."

मी मान डोलावली आणि भरल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात डावा हात तसाच. "दार लागलं, मावशी." तिसऱ्या महिन्यात दोन्ही हात, आणि कोपरही सोललेलं. या खेपेला तिनं काही सांगितलंच नाही. मी माहेरचं विचारलं तर हात ढिला पडायच्या ऐवजी जास्तच ताठ झाला. आणि घर? घर गप्प. बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढलेली. पोरीच्या पायातले वाळे काढलेले. गयाबाई, ज्यांचा आवाज वेशीवर जायचा त्या, कानाशी येऊन कुजबुजल्या, "हळू बोला, तो पडलाय जरा." पोर भिंतीच्या कडेकडेनं चालत होती. उत्तम ओसरीवरच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेला. मी गाठोडं बांधताना दोन बांगड्या एकमेकींवर आपटल्या, तर त्याची पाठ दचकली.

माझं डोकं फिरलं. मनात म्हटलं, सरकारी खाऊन मस्तीला आलाय आणि बायकोला मारतोय, आणि या दोघी त्याला भिऊन घरात चोरासारख्या राहतात. तीन आठवड्यांनी माझा फेरा सुमनच्या माहेरी गेला. तिच्या आईनं नेहमीसारखं विचारलं, "आमची सुमी कशी हाय?" आणि मी सगळं सांगून मोकळी झाले. मनगट सांगितलं, कोपर सांगितलं, वर आपल्या पदरचं घालून "जावई मारतो" हेही सांगितलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पण सांगताना मला फार बरं वाटत होतं, हे कबूल करते.

सुमनचा भाऊ भास्कर तिथंच बसला होता. शांत माणूस, पण कान तांबडे झाले. म्हणाला, "पेरणी उरकू द्या. येत्या गुरुवारी जीप घेऊन जातो आन् तिला घेऊन येतो. एकदा आणली की परत धाडायची न्हाई."

मंगळवारी माझा फेरा होता सुमनच्या गावी. खरं तर मी जायला नको होतं, पण चांगलं काम केलंय अशा तोऱ्यात गेले. दुपार होती. गयाबाई परसात, उत्तम बाजेवर झोपलेला. सुमननं गपचूप हात पुढं केला. म्हणाली, "सहा-सहाच भरा, आत्याबाईला बोडका हात चालत न्हाई." मी भरल्या. ती उठली आणि बाजेखालचा रिकामा तांब्या घ्यायला वाकली. बांगड्या वाजल्या, किणकिण. तेवढंच.

उत्तम बाजेवरून असा उठला की मला तो उठलेला दिसलाच नाही. दिसलं ते एवढंच, की सुमन जमिनीवर पडलीय आणि तो तिच्यावर पालथा पडलाय. तिचं डोकं त्यानं दोन्ही हातांखाली दाबून धरलेलं, कोपरं तिच्या दोन्ही बाजूंना रोवलेली, आणि पाठ वर. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मारणारा माणूस असा पडत नाही, हो! तो तिला झाकत होता. वरून जे काही येणार होतं ते आपल्या पाठीवर घ्यायला पडला होता.

"नीचे," तो हिंदीत बोलत होता, "नीचे रह, नीचे रह."

सुमन खालून शांतपणे बोलली, "अवो, मी हाय. घरी हाव आपण. मी हाय, सुमन."

तीन-चारदा तिनं तसंच म्हटलं. मग तो भानावर आला, उठून बसला, आणि तिच्या मनगटावरचं रक्त पाहून त्यानं तोंड फिरवलं. त्यानंतर तो गुडघ्यांवर बसून शेणानं सारवलेल्या जमिनीतून एकेक काच वेचायला लागला. एक उचलली तर दोन खाली पडत होत्या. मी त्याच्याजवळ बसले आणि काचा वेचायला लागले. तेवढंच काम मला येत होतं.

वेचता वेचता तो आपणच बोलला. माझ्याकडं न बघता.

"तिथं चौकीभोवती तार होती, मावशी. तारंला रिकामे डबे बांधलेले. कुणी तारंला हात लावला की डबे किणकिण करायचे. एकदा वाजले. माझ्याजवळ धोंडीराम होता, बीडकडचा. तो म्हणला, वारा हाय. मी बी म्हणलं, वारा हाय." मग एक काच उचलून त्यानं तळहातावर ठेवली. "वारा न्हवता."

मी वेचलेल्या काचा पदरात बांधल्या.

सुमननं मला नंतर बाकीचं सांगितलं. फौजेच्या दवाखान्यात दाखवून आणलं होतं, गोळ्या होत्या. गोळीनं झोप यायची, पण किणकिण झाली की गोळीचं काही चालत नव्हतं. गयाबाईंनी एका देवरुष्यालाही दाखवलं. त्यानं सांगितलं, परमुलखातलं काहीतरी लागलंय. "लागलंय हे खरंच हाय म्हणा," सुमन म्हणाली आणि हसली. त्या अवस्थेत हसली! आज माझी नात म्हणते याला डॉक्टरी नाव आहे. असेल. तेव्हा आमच्या भागात त्याला एकच नाव होतं, 'फौजी येडा झालाय', आणि तेवढं गावात जाऊ नये म्हणून ही बाई आडाचं आणि दाराचं नाव सांगत होती.

आणि गुरुवारी जीप येणार होती. माझ्या जिभेमुळं.

बुधवार मी कसा काढला ते मलाच माहीत. गुरुवारी पहिल्या एसटीनं सुमनच्या गावी गेले. पोचले तर जीप दारातच उभी. भास्कर अंगणात, "हिला मारायला दिली का आमी?" म्हणून ओरडतोय. गयाबाई रडताहेत. उत्तम भिंतीला पाठ लावून उभा. सुमन मध्ये. मी गाठोडं खाली ठेवलं आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "भास्करराव, मी खोटं सांगितलं. ते मारत न्हाईत." आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. कासारणीला नमस्कार घ्यायची सवय असते, चूक कबूल करायची नसते.

भास्करनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, मारलं काय आन् झाकलं काय, रगत तर माझ्याच बहिणीचं ना?"

यावर उत्तमच बोलला. "खरं हाय. घेऊन जा तिला, भास्कर. माझ्याजवळ ठिवू नको. एखाद्या दिवशी मानंला काच लागंल."

"मी कुठं जाणार न्हाई," सुमन म्हणाली. "मी बांगड्याच घालत न्हाई. मिटली कटकट."

तशा गयाबाई उसळल्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तो जुना आवाज निघाला. "माझा लेक जित्ता हाय! तो हाय तवर माझ्या सुनंचा हात बोडका दिसणार न्हाई. लोकं काय म्हणतील? तो तिथून जित्ता आला ते हिच्या बांगड्यांनीच आला!"

हसू नका. त्या माउलीनं तो लंकेत होता तोवर रोज सुनेच्या बांगड्या मोजल्या होत्या. एखादी कमी दिसली की तिला अन्न गोड लागत नसे. तिच्या लेखी बांगडी काढणं म्हणजे लेकाला परत तिकडं धाडणं होतं. इकडं बांगडी असली की सुमनचं रक्त, आणि नसली की म्हातारीच्या काळजाचं पाणी. भास्कर जीपचं दार उघडून उभा.

तेव्हा माझ्या डोक्यात धंद्यातली अगदी साधी गोष्ट आली. एकटी बांगडी वाजत नाही. वाजायला दुसरी लागते. आणि लाखेची बांगडी काचेला लागली तरी आवाज होत नाही. मी गाठोडं सोडलं, हैदराबादी लाखेच्या बांगड्या काढल्या. सुमनला खाली बसवलं. प्रत्येक हातात एक लाखेची, मग एकच हिरवी काचेची, मग परत एक लाखेची, अशा गच्च बसणाऱ्या भरल्या. हात हलवून पाहिला. टक् असासुद्धा आवाज नाही.

"गयाबाई, काच हाय ना हातात?"

"एकच हाय."

"एक असू दे की दहा. मी भरलेला हात हाय, मी बोडका म्हणत न्हाई. तुमी म्हणणार का?"

कासारणीनं भरलेल्या हाताला नाव ठेवत नाहीत. तो रिवाज मी त्या दिवशी धाकासारखा वापरला. गयाबाईंनी मान डोलावली. भास्कर मात्र तसाच उभा. शेवटी म्हणाला, "पंचमीपर्यंत बघतो. पंचमीला ती माहेरी येईलच. तवर हातावर एक जरी नवी रेघ दिसली, तर परत धाडणार न्हाई. आन् मावशी, हात तुमी बघायचा. जसं असंल तसं सांगायचं."

घ्या! जिनं चुगली केली तिलाच पंच नेमलं. मी कबूल झाले.

पंचमीपर्यंत मी फेरा मोडून तीनदा गेले. जीव मुठीत धरून तो हात हातात घ्यायची. पहिल्यांदा जुन्या रेघा सुकलेल्या. दुसऱ्यांदा खपल्या पडलेल्या. तिसऱ्यांदा पांढरे वण, नवं काही नाही. पंचमीला सुमन माहेरी आली, मीही तिथं पोचले. भास्करनं तिचा हात पाहिला नाही, माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "साफ हाय." चार दिवसांनी त्यानंच तिला जीपनं सासरी पोचवली.

खरी गंमत पुढंच आहे. त्याच्या पुढच्या फेऱ्याला उत्तम आपणहून माझ्यासमोर येऊन बसला. बांगड्या भरतात तिथं पुरुषमाणूस बसत नाही, आमच्याकडं तरी नाही. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. तो म्हणाला, "मावशी, आणखी एक भरा. मी बघायलोय तेव्हाच भरा."

मी दुसरी काचेची भरली. त्यानं सुमनचं मनगट आपल्या हातानं हळूच हलवलं. किण् असा एकच आवाज. त्याच्या कपाळावर घाम आला. परत हलवलं. परत. दहा-बारा वेळा हलवून मग उठून शेतात गेला.

असं करत त्यानं मला धंद्यातला नवाच प्रकार शिकवला. दर फेऱ्याला प्रत्येक हातात एक बांगडी. तो समोर बसणार, भर उजेडात, आणि नव्या बांगडीचा आवाज ऐकून ओळखीचा करून घेणार. चार झाल्या तेव्हा लाखेच्या काढल्या. पाचवीला मध्येच घोळ झाला. दुपारी झोपेतून दचकून त्यानं तिचं मनगट धरलं, डोळे फाडून बघत राहिला, आणि मग मोठ्यानं मोजायला लागला, "एक, दोन, तीन, चार, पाच." पाच भरल्यावर सोडलं. काच फुटली नाही. ते सांगताना सुमनचा चेहरा असा फुलला होता, जणू नवऱ्याला बढती मिळालीय. वर्षभर आम्ही पाचवरच थांबलो. गावात कुणीतरी विचारलं, "कासारीणबाई, फौजीच्या घरी उधारीवर एकेक भरायला लागलात का?" मी म्हटलं, "हव. बायको त्यांची, हात तिचा, तुमचं काय जातंय?"

दिवाळीत तो अजून शेतातच जाऊन बसायचा, फटाके संपेपर्यंत. बरा झाला असं मी म्हणणार नाही. पण पोरीच्या पायात वाळे परत आले, आणि एका पोळ्याला बैलांच्या गळ्यात घुंगरंही.

मग आली संक्रांत. मी मुद्दाम सुमनसाठी चांगल्यापैकी हिरव्या दोन डझन राखून ठेवल्या होत्या. मनात होतं, आज हात पुरा भरायचा. तेव्हा सहापर्यंत आलो होतो. दुपारी गेले तर उत्तम ओसरीवर बाजेवर झोपलेला. सुमन म्हणाली, "आज उठवू नका, मावशी. भरून बघू." गयाबाई आमच्याजवळ येऊन बसल्या. मी दोन्ही हातांत सातवी भरली. दोन्ही हातांतल्या चौदा बांगड्या वाजल्या, चांगल्या खणखणीत. आम्ही तिघी श्वास धरून बाजेकडं बघत राहिलो. उत्तमनं कूस बदलली, तोंड आमच्याकडं झालं, आणि तो घोरायला लागला. अगदी पूर्वीसारखा, तोंड उघडं टाकून.

सुमनच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मलाही आवरेना. पण धंदा तो धंदा, मी आठवी उचलली आणि तिचा अंगठा दुमडला.

गयाबाईंनी माझा हात धरला. कानाशी येऊन म्हणाल्या, "बास, कासारीणबाई. हात भरलाय."